निदान

‘निदान’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. ‘निदान चहा तरी घेऊन जा’ असे आपण दारातून परतणाऱ्या पाहुण्याला म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘कमीत कमी’ असा असतो. ‘डॉक्टरांनी निदान केले’ असे म्हणतो, तेव्हा रोगाचे मूळ ओळखले असे आपल्याला सांगावयाचे असते. हे दोन अर्थ एकाच शब्दात शेजारी शेजारी कसे येऊन बसले, ते भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगावे. माझ्यापुरता त्यांचा संबंध जुळला तो २०२२ च्या पावसाळ्यात, माझ्या आत्याच्या दुखण्यात. त्या दिवसांत आमच्या घरातले प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होते, “निदान काय झालंय ते तरी कळू दे!”

प्रारंभीच सांगून टाकते, की मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला आणि दोघांनाही त्याचे फारसे दुःख झाले नाही. तेव्हा या लेखात वैद्यकातले जे काही आले आहे ते डॉक्टरांना भंडावून, पुस्तके चाळून आणि न कळलेले पुन्हा पुन्हा विचारून गोळा केलेले आहे.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असते. त्या वेळी तिचे वय सदुसष्ट होते. अकरा वर्षांपासून ती थायरॉइडची गोळी घेत होती आणि तिच्या गळ्याशी थोडासा फुगवटाही होता, पण त्याचे कुणाला काही वाटत नसे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३ मे रोजी, चुलतभावाचे लग्न झाले. त्या लग्नात आत्याने आपली ठुशी घातली होती. दोरा थोडा सैल करून, पण घातली होती. पुढे वटपौर्णिमेला, १४ जूनला, तीच ठुशी घालू गेली तर दोऱ्याची दोन टोके एकमेकांना भेटेनात. मधल्या बेचाळीस दिवसांत आवाज घोगरा झाला होता, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता आणि रात्री उताणे निजले की जीव घुसमटत होता. “वय झालं, दुसरं काय?” असे म्हणून तिने हे सारे लपवून ठेवले होते. ठुशीने ते उघडे पाडले.

पुढे पुण्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “गाठ किती दिवसांत वाढली?” असल्या प्रश्नाला आपण साधारणपणे ‘बरेच दिवस झाले’ असे उत्तर देतो. आमच्यापाशी दोन तारखा होत्या. डॉक्टरांनी त्या लिहून घेतल्या आणि म्हणाले, “तुमच्या ठुशीनं माझं निम्मं काम केलंय.” मग त्यांनी आत्याला दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ धरायला सांगितले. मिनिटभरात तिचा चेहरा लालबुंद होऊन फुगल्यासारखा झाला आणि श्वास लागला. गळ्यातली गाठ छातीच्या वरच्या दाराशी अडकून रक्ताच्या परतीच्या वाटा दाबत असेल, तर असे होते. पेम्बर्टन नावाच्या इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९४६ साली ही खूण नोंदवली. तिला ना यंत्र लागते ना पैसा!

थायरॉइडला मराठीत अवटू ग्रंथी असा शब्द आहे, पण तो कोशाबाहेर फारसा पडलेला नाही. म्हणून मी थायरॉइडच म्हणते. श्वासनलिकेच्या पुढच्या अंगाला, फुलपाखराने पंख पसरून बसावे तशी ही वीसेक ग्रॅम वजनाची ग्रंथी असते. शरीराचा सगळा संसार कोणत्या गतीने चालावा हे तिच्या स्रावावर ठरते. आयोडीन कमी पडले की ती फुगते, हा झाला आपल्या ओळखीचा गलगंड. त्यासाठी १९६२ साली भारत सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि मिठात आयोडीन घालण्याचा प्रघात पडला. त्यामुळे आमच्या शेजारणीने “मीठ बदला, उतरेल” असा सल्ला दिला तो अगदीच निराधार नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे. गळ्याचा फुगवटा आणि अर्बुद या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, हे फार पूर्वीच कुणाला तरी सुचले होते.

आत्याचा जुना आजार मात्र आयोडीनचा नव्हता, तो हाशिमोटोचा होता. या नावामागची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हाकारू हाशिमोटो हा जपानमधील क्यूशू विद्यापीठात काम करणारा तिशीतला शल्यविशारद. चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांत लसीका कोशिकांची, म्हणजे शरीराच्या संरक्षक शिपायांची, दाटी झालेली त्याला दिसली. १९१२ साली त्याने हे एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्या विकाराला ‘स्ट्रुमा लिम्फोमॅटोसा’ असे नाव दिले. पुढे तो आपल्या गावी परतून साधी डॉक्टरकी करीत राहिला आणि १९३४ साली विषमज्वराने वारला. त्याच्या हयातीत या शोधाची फारशी दखल घेतली गेली नाही. शरीराचे शिपाई आपल्याच ग्रंथीला शत्रू समजून तिच्यावर चालून जातात, हे लंडनमधील संशोधकांनी १९५६ साली दाखवून दिले, तेव्हा हाशिमोटोचे नाव सर्वतोमुखी झाले.

आता मुद्द्याकडे येते. निरोगी थायरॉइडमध्ये या लसीका कोशिकांची वस्ती जवळजवळ नसतेच. मग लसीका कोशिकांचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, तेथे उपजावा कसा? त्याचे उत्तर हाशिमोटोच्या चार ग्रंथींत आहे. वर्षानुवर्षे शिपायांचा तळ तेथे पडलेला असतो, त्यांची सतत वाढ आणि विभाजन चालू असते. त्यांतला एखादा कधीतरी बिघडतो आणि आपल्यासारखेच बेबंद वंशज निर्माण करीत सुटतो. हाशिमोटोच्या रुग्णांत हा धोका इतरांपेक्षा साठपटीहून अधिक असतो असे आढळले आहे. हा आकडा वाचून थायरॉइडची गोळी घेणाऱ्या वाचकांनी, आणि आमच्या प्राध्यापकवर्गात अशा बऱ्याच जणी आहेत, घाबरण्याचे मुळीच कारण नाही. मुळात अत्यंत विरळ असलेली गोष्ट साठपट झाली तरी विरळच राहते. थायरॉइडच्या दर शंभर कर्करोगांत लिम्फोमा पाचांपेक्षा कमी, आणि हाशिमोटोच्या बहुसंख्य रुग्णांना तो जन्मात कधी होत नाही. जुनी गाठ एकाएकी वाढू लागली तर मात्र ‘हे जुनंच आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये, एवढेच.

आमच्या बाबतीत घोटाळा पहिल्याच तपासणीत झाला. पुण्याला जाण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली; त्यात गाठ काळीकुट्ट दिसली. मग बारीक सुईने तिच्यातल्या पेशी ओढून घेतल्या. अहवालात लिहिले होते, की लसीका कोशिका पुष्कळ आहेत, काही मोठ्या आकाराच्या व संशयास्पद पेशी आहेत. हाशिमोटोचा दाह, लिम्फोमा किंवा ॲनाप्लास्टिक कर्करोग यांपैकी काहीही असू शकेल. अहवाल प्रामाणिक होता. पण तो वाचून एका परिचित डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतले आणि ॲनाप्लास्टिकच धरून चाला, असे सांगितले. हा थायरॉइडचा सर्वांत भयंकर प्रकार. तोही उतारवयातच येतो, तोही आठवड्यांच्या हिशेबात वाढतो, तोही आवाज आणि श्वास धरतो. अलीकडे काही रुग्णांना नव्या औषधांचा उपयोग होऊ लागला असला, तरी त्याचे बहुतेक रुग्ण वर्षही काढीत नाहीत. बाबा घरी आले ते मान खाली घालूनच. त्या रात्री ओसरीवर जे बोलणे झाले त्यात ‘पैसा’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण ‘हाल कशाला करायचे’ हा शब्दप्रयोग चार वेळा आला. आतल्या खोलीत आत्या जागी होती.

मला पुढे कळले ते असे, की ज्या दोन रोगांची बाहेरची लक्षणे जवळजवळ सारखी, त्यांतल्या एकात माणूस काही महिन्यांचा सोबती आणि दुसऱ्यात बरे होण्याची चांगली आशा! त्या दोहोंमध्ये असते फक्त नेमके निदान.

त्याच आठवड्यात एका रात्री आत्याचा श्वास फारच कोंडला. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी गाठ चक्क उतरू लागली. घरात आनंदीआनंद झाला. शेजारणीने तो मिठाच्या खाती जमा केला. नंतर पुण्यात गाठीचा तुकडा काढला तेव्हा खरा प्रकार कळला. तुकड्यात सुकलेल्या, मेलेल्या पेशींखेरीज ओळखण्याजोगे काही उरले नव्हते. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात, आणि त्या विरघळल्या की पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. तालुक्याच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. गुदमरणाऱ्या माणसाला आधी श्वास दिला पाहिजे. पण ज्या ठिकाणी एखाद्या दिवसाचा अवधी असेल तेथे तुकडा आधी आणि स्टेरॉइड नंतर, हा क्रम किती महत्त्वाचा आहे हे आम्ही फार महागात शिकलो.

“आता काय करायचं?” बाबांनी विचारले.

“वाट पाहायची,” डॉक्टर म्हणाले. “गाठ पुन्हा वाढेल. वाढली की पुन्हा तुकडा घेऊ. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. ॲनाप्लास्टिक असता तर इतका सहज उतरला नसता.”

“मग लिम्फोमाच म्हणायचा का?”

“सूज उतरली म्हणूनही गाठ लहान दिसते. खूण आहे, पुरावा नाही.”

बाबांचे म्हणणे, एवढी गाठ आहे तर ती कापून काढून टाका एकदाची. आमच्या गावात सर्वांचेच ते मत होते. शल्यविशारदांनी नकार दिला. पूर्वी या रोगात ग्रंथी काढून टाकण्याचा प्रयत्न पुष्कळदा होत असे. पण ही गाठ श्वासनलिकेला आणि आवाजाच्या नसेला बिलगलेली असते, ती सोलून काढताना आवाज जाण्याची भीती. आणि लिम्फोमाला मुळात औषधे लागू पडतात. म्हणून आता बहुतेक वेळी शस्त्राचे काम नमुना घेण्यापुरते असते. काही सौम्य, एका जागी राहिलेल्या प्रकारांत अजूनही शस्त्रक्रिया करतात, पण ते ठरवायलाही आधी नाव कळावे लागते. एकूण काय, फिरून पहिल्याच पायरीवर!

आत्याला रुग्णालयात ठेवून घेतले, आणि आम्ही सारे एक गाठ वाढण्याची वाट पाहत बसलो. आपल्या माणसाच्या गळ्याला रोज फितीने मोजायचे आणि आकडा वाढला की ‘आता कळेल’ म्हणून हायसे वाटायचे, अशी ती विलक्षण वाट पाहणी होती. सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तुकडे घेतले, जाड सुईने, सोनोग्राफीवर पाहत पाहत. शेवयांसारखे चार बारीक धागे.

बारीक सुई आणि जाड सुई यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता. आता पोथ्यांचा अभ्यास करताना तो चांगला समजतो. बारीक सुई म्हणजे फाटक्या पोथीतली सुटी अक्षरे. अक्षरे खरीच असतात, पण ती अभंगातली की सावकाराच्या खतावणीतली, हे सुट्या अक्षरांवरून सांगता येत नाही. जाड सुईने पानाचा एक सलग तुकडा हाती येतो; ओळ दिसते, समास दिसतो, शेजारच्या ओळीशी नाते दिसते. पेशींचेही तसेच आहे. त्या कोणत्या आहेत याइतकेच त्या कशा रचनेत बसल्या आहेत याला महत्त्व असते.

काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मुंबईला न्यायच्या होत्या, त्या आणायला मी बाबांबरोबर प्रयोगशाळेत गेले होते. तेथील पॅथॉलॉजिस्ट बाईंनी माझी उत्सुकता पाहून सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीला मला डोळा लावू दिला. तुकडा मेणात बसवून त्याचे मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावे लागतील इतके पातळ काप काढतात आणि ते रंगवतात. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळे ठिपके, लाखो ठिपके. मला वाटले, कुणी जांभळाच्या बिया सांडल्या आहेत!

“या सगळ्या लसीका कोशिका का?” मी विचारले.

“हो. पण लसीका कोशिका हाशिमोटोतही असतात आणि लिम्फोमातही. तेव्हा त्या दिसल्या म्हणून काहीच सिद्ध होत नाही, बरं का!”

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि विसरले. पुढे महाविद्यालयात तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी हेत्वाभास शिकवायला घेतले. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पण जो हेतू साध्य असतानाही आढळतो आणि नसतानाही आढळतो, तो सव्यभिचार. त्यावरून अनुमान काढता येत नाही. वर्गात सर्व जण उतरवून घेत होते आणि मला जांभळे ठिपके दिसत होते. अकरा वर्षांच्या हाशिमोटोच्या ग्रंथीत लसीका कोशिका सापडणे हा शुद्ध सव्यभिचारी हेतू!

मग अव्यभिचारी हेतू कोणता? याचे उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटले. शत्रूवर चालून आलेल्या बी जातीच्या लसीका कोशिका नाना कुळांच्या असतात. आषाढीला पंढरपुरात गावोगावच्या दिंड्या लोटतात तशी ती गर्दी असते. दाटी कितीही असो, माणसे वेगवेगळ्या घरची. लिम्फोमातली गर्दी एकाच पेशीची संतती असते. कूळ ओळखण्याची एक खूण अशी: प्रत्येक बी कोशिका आपल्या अंगावर कप्पा किंवा लॅम्डा या दोन साखळ्यांपैकी एकच बाळगते. मिश्र गर्दीत दोन कप्पांमागे साधारण एक लॅम्डा असे प्रमाण पडते. सगळीच्या सगळी गर्दी एकाच साखळीची निघाली, तर ती जत्रा नव्हे, एकाच घरचे भाऊबंद आहेत, असे दिसते. ‘माल्ट’ नावाचा जो सौम्य, संथ लिम्फोमा आहे तो वरवर हाशिमोटोसारखाच दिसतो, आणि तेथे ही कुळाची चौकशी फार कामी येते. १९८३ साली आयझॅकसन आणि राइट या ब्रिटनमधील दोन पॅथॉलॉजिस्टांनी तो वेगळा ओळखला. त्याआधी असे किती रुग्ण नुसत्या दाहाचे म्हणून परत पाठवले गेले असतील!

आत्याच्या तुकड्यात पेशी मोठ्या होत्या, पसरट चादरीसारख्या मांडलेल्या. तेव्हा मुख्य प्रश्न ॲनाप्लास्टिक की लिम्फोमा, हा होता. तो सोडवला विशिष्ट प्रतिद्रव्यांनी. पेशीच्या अंगावरच्या एखाद्याच खुणेला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य हवे तितके तयार करण्याची रीत कोलर आणि मिल्स्टीन यांनी १९७५ साली शोधली. १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल विभागून मिळाले. खूण असेल तेथे प्रतिद्रव्य चिकटते आणि तपकिरी रंग उमटतो. ग्रंथीच्या मूळ पेशींपासून निघालेल्या कर्करोगात बहुधा सापडणाऱ्या केरॅटिनसाठी लावलेली काचपट्टी कोरी राहिली. बी कोशिकेची सीडी-२० ही खूण शोधणारी काचपट्टी काठोकाठ तपकिरी झाली. एका कडेला जुन्या हाशिमोटोचे अवशेषही दिसत होते. नाव ठरले: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. थायरॉइडच्या लिम्फोमांत निम्म्याहून अधिक याच जातीचे असतात.

मुंबईनेही तेच नाव कायम केले. आमच्याकडे ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले तरी ऐकणारा चुकचुकतो. बाबा मात्र परळहून निघताना रस्त्यातूनच फोनवर ओरडले, “लिम्फोमाच आहे! लिम्फोमाच!” बसथांब्यावरच्या माणसांना कर्करोगाचे नाव घेऊन आनंदणारा हा गृहस्थ कसा वाटला असेल कोण जाणे.

उरलेले थोडक्यात सांगते. रोग कुठवर पसरला आहे ते पाहण्यासाठी पेट स्कॅन आणि मगजाची तपासणी झाली. पेट स्कॅनमध्ये नुसता हाशिमोटोही चकाकतो, म्हणून केवळ त्या चकाकीवर विसंबून निदान करता येत नाही. पसारा पाहण्यासाठी मात्र ते उपयोगी. रोग गळ्यापुरताच होता. उपचार आर-चॉप या नावाच्या औषधांच्या संचाने झाले. त्यातला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब हे स्वतः एक प्रतिद्रव्य आहे आणि ते चिकटते सीडी-२० लाच. ज्या खुणेने पेशी ओळखली तिच्यावरच नेम धरून तिला मारतात. आणि शेवटचा ‘पी’ म्हणजे प्रेडनिसोलोन, एक स्टेरॉइड! ज्या जातीच्या औषधाने आमचा पुरावा पुसला, तेच नाव कळल्यानंतर उपचारात मानाने येऊन बसले. पहिल्या फेरीनंतर दोन आठवड्यांत आत्या उताणी झोपू लागली. केस गेले, तोंड आले, अन्नावरची वासना उडाली. ते सगळे झाले. सहा फेऱ्यांनंतरच्या स्कॅनमध्ये रोग दिसला नाही.

मेणात बसवलेला तो तुकडा, लहानशा जाळीदार डबीतला, प्रयोगशाळेने आम्हांला परत दिला आणि उन्हापासून जपून ठेवायला सांगितले. आत्याने तो स्टीलच्या डब्यात घालून माठाच्या तिवईखाली ठेवला आहे. ठुशी पुन्हा बसते. थायरॉइडची गोळी मात्र तशीच चालू आहे, कारण हाशिमोटो काही गेलेला नाही. ती पहाटे उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, असा नियम आहे. परवा गेले होते तर चुलीपाशी बसून कुरकुरत होती, “एवढं मोठं दुखणं बरं केलंत, निदान चहा तरी वेळेवर मिळू द्या!”